चौथा भिडू आणि माझा साडू

रत्नागिरी,
डिसेंबर २००८

ती. सलिलदादास,

मुकुलचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तुझी पाठ पुण्याच्या थंडीत पुन्हा धरली असेल, तर खुर्चीवरून अधूनमधून उठत जा. मामींच्या टाचांसाठी हेमाने कोकमाच्या तेलाचं मुठेल बांधून ठेवलं आहे, येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पाठवते. वहिनींना नमस्कार. तुला ईमेल न करता पत्र लिहितो आहे, कारण ईमेल लिहायला बसलं की आमच्याकडे वीज जाते आणि ती येईपर्यंत राग थंड होतो. कागदावर तो जसाच्या तसा राहतो.

आधीच सांगून टाकतो, मला स्वरूपचा मत्सर वाटत नाही. (हेमा म्हणते, अशी सुरुवात करणाऱ्या माणसाला तोच वाटत असतो. पण ती त्याची मेव्हणी पडली, तिचं मत धरू नकोस.) स्वरूप म्हणजे माझा साडू, वेदिकाचा नवरा, दापोलीच्या कृषी विद्यापीठात कॉम्प्युटरवर असतो तो. तुझी त्याची गाठ वेदिकाच्या लग्नात पडली होती आणि परत जाताना गाडीत तू मला म्हणाला होतास, "शांत मुलगा आहे." सगळे हेच म्हणतात. मिरकरवाड्याच्या बर्फाच्या कारखान्यात दिवसभर ट्रॉलरवाल्यांशी हिशेबावरून भांडून माणूस शांत राहिला असता, तर मीही राहिलो असतो. असो.

तू दिलेला पीएसपी, म्हणजे तो हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम, मी फुकट घालवला नाही, हे तुला कळावं म्हणून सगळं सविस्तर लिहितो. त्या यंत्राचं सोवळं फार कडक. कंपनीच्या सहीशिवाय दुसऱ्या कुणाचा प्रोग्रॅम शिवूनसुद्धा घेत नाही. ते सोवळं तू मोडूनच दिलं होतंस, त्यामुळे आपण घरी लिहिलेलं काहीही त्यावर चालू लागलं. सुरुवातीला मी पडद्यावर नुसतं 'नमस्कार' आणलं. (त्यासाठी देवनागरी अक्षरं ठिपक्याठिपक्यांनी काढावी लागली. 'ष्का' लागला असता तर मी हा छंदच सोडला असता.) मग एक खेकडा आणला, तो एका बाजूने आत येऊन दुसऱ्या बाजूने निघून जायचा. हेमा म्हणाली, पुढे? पुढे काही नव्हतं. आणि अशा वेळी रामभाऊ नाशिकला गेले.

आमच्या सासऱ्यांचा, म्हणजे नानांचा, तीनशे चार या पत्त्यांच्या खेळाचा अड्डा तुला माहीत आहे. नाना, सदूकाका, शेजारच्या निवृत्त शिक्षिका विमलामावशी आणि रामभाऊ. रोज चारच्या चहानंतर पडवीत पत्ते पडलेच पाहिजेत. रामभाऊ मुलीकडे कायमचे राहायला गेले आणि डाव बंद पडला. तीनशे चार चौघांनीच खेळायचा, दोन दोन भिडू. तिघांत खेळणं म्हणजे तीन पायांच्या खाटेवर झोपणं. सदूकाका दुपारी झोपू लागले, विमलामावशींनी भांडायला आमच्या सासूबाई धरल्या, आणि नाना चार वाजता पडवीत येऊन, पत्ते पिसून, परत ठेवून देत. ते मला बघवेना. मी हेमाला म्हटलं, चौथा भिडू मी करतो.

खोटं वाटेल, पण मी तो केला. पत्ते यंत्रच वाटायचं. ज्याची पाळी त्याने यंत्र हातात घेऊन आपली पानं बघायची, एक टाकायचं आणि पुढच्याला द्यायचं. चौथी पाळी यंत्राची, तेव्हा ते रामभाऊंच्या खुर्चीत उशीवर ठेवायचं. (ही उशी नानांची कल्पना. माणूस बसल्यासारखं वाटलं पाहिजे म्हणे.) गणपतीत मी ते सगळ्यांसमोर सुरू केलं. काय सांगू दादा, नानांनी मला 'जावईबापू' न म्हणता 'मुकुल' म्हटलं! लग्नानंतर पहिल्यांदा. सासूबाईंनी दुसरा मोदक न विचारता वाढला. आणि कोपऱ्यात उभा राहून स्वरूप शांतपणे बघत होता. त्याच वेळी मला कळायला हवं होतं.

दिवाळीला तो आला तो खिशात स्वतःचा पीएसपी घेऊन. त्याच्या भावाने दुबईहून आणलेला, नवा कोरा, माझ्यासारखं बॅटरीचं झाकण रबरबँडने बांधलेलं नव्हे. त्यातही तीनशे चार! माझी पानं म्हणजे पांढऱ्या चौकोनात अक्षर. त्याच्या गुलामाला मिशा, राणीला नथ, आणि राजा तर हुबेहूब नानांसारखा. पान टाकलं की 'सट्' असा आवाज. सगळे त्यावर तुटून पडले. जेवताना सुरमईची मधली तुकडी त्याच्या ताटात गेली आणि शेपटी माझ्या. (सासूबाई म्हणतात, योगायोग. माशाच्या बाबतीत सासूबाईंच्या हातून योगायोग होत नाहीत.) मी एवढंच म्हटलं, "चित्रं छान आहेत, पण खेळाला डोकं लागतं." यावर तो रागावला असता तर मला जेवण गेलं असतं. तो म्हणाला, "खरं आहे मुकुलदादा, डोकं तुमच्याच खेळाला."

दुसऱ्या दिवशी दोन्ही यंत्रं खेळवून बघायचं ठरलं. आधी माझं. माझा भिडू डाव जिंकला. पुढचा जिंकला. त्याच्या पुढचाही जिंकला. मी पडवीच्या खांबाला टेकून, मला त्याचं काहीच नाही असा चेहरा करून उभा. तेवढ्यात विमलामावशींनी यंत्र मांडीवर पालथं ठेवलं.

"ह्याला माझा हुकूम कसा कळतो रे?" त्या म्हणाल्या.

तीनशे चारमध्ये बोली जिंकणारा आपला हुकूम झाकून ठेवतो, तो उघडेपर्यंत कुणाला कळता कामा नये, एवढाच तर त्या खेळातला जीव.

"बुद्धी आहे त्याला," मी म्हटलं.

"बुद्धी कसली मेल्या, चोरून बघतंय ते!"

आणि दादा, ते बघत होतं. पानं वाटणारं तेच, खेळणारं तेच, झाकलेला हुकूम त्याच्याच पोटात. मी प्रोग्रॅम लिहिताना त्याला तिकडे बघू नकोस म्हणून सांगायलाच विसरलो होतो. सदूकाकांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच त्यांच्या खांद्यावरून वाकून पानं बघत होतो. मी स्वरूपकडे पाहिलं. तो खाली मान घालून चहा पीत होता. त्याला हे आधीच कळलेलं असणार आणि तरी तो बोलला नव्हता. हसला असता तर परवडलं असतं.

मग त्याचं यंत्र उशीवर बसलं. प्रामाणिक होतं, पण ठोंब्या. दुसऱ्याच हाताला त्याने स्वतःच्या भिडूचा, म्हणजे नानांचा, जिंकलेला हात हुकमाने कापला. मी मनात म्हटलं, संपला. पण नाना ताडकन उठून यंत्रावर ओरडले, "अरे गाढवा, आपल्याच माणसाचा हात कापतोस?" आणि पुढच्या वाटपाला ते यंत्र खोकलं.

रामभाऊंचा खोकला! हातात गुलाम, म्हणजे या खेळातलं सगळ्यात मोठं पान, आला की रामभाऊ घशात अडकल्यासारखं 'अंहं-खं' करायचे. गेली वीस वर्षं पडवीतल्या प्रत्येकाला ते माहीत होतं, फक्त रामभाऊंना नव्हतं. स्वरूपने तो खोकला स्वतःच्या लग्नाच्या कॅसेटमधून काढला होता, मंगलाष्टकांच्या मधला. गुलाम आला की यंत्र खोकायचं. मग विमलामावशी पदराने डोळे पुसत हसायला लागल्या आणि नाना उगाचच चष्मा काढून फुंकर मारत बसले. दादा, आमच्या लग्नाच्या कॅसेटमध्येसुद्धा रामभाऊ खोकले आहेत. अगदी स्पष्ट. मला का नाही सुचलं?

त्यानंतर मी माझ्या भिडूचे डोळे बांधले. म्हणजे हुकमाकडे बघणं बंद केलं. पण तरीही तो फार नीट खेळायचा, तेव्हा त्याला मूर्ख करायला घेतलं आणि तिथे माझी सपशेल हार झाली. हुशार करणं सोपं आहे रे. अधूनमधून चुकीचं पान टाक असं सांगितलं तर तो वेडा वाटायचा, रामभाऊ वाटायचा नाही. विमलामावशी म्हणाल्या, "रामभाऊ चुकायचे, पण मनापासून चुकायचे." हे आता सी भाषेत कसं लिहायचं, तूच सांग. निदान आवाज तरी घालावा म्हणून मी यंत्राची आतली प्रणाली बदलायला घेतली. ते चालू असताना बॅटरी काढायची नसते, हे मला पाठ होतं. रबरबँडला नव्हतं. तो तुटला, बॅटरी मांडीवर पडली आणि यंत्र कायमचं काळं झालं. इंटरनेटवर याला 'वीट झाली' म्हणतात. आमच्याकडे विटा नाहीत, जांभा दगडाचे चिरे असतात, तेव्हा माझा चिरा झाला.

मी हेमाला बजावलं होतं, कुणाला सांगू नकोस. तिने दापोलीला फोन लावला. दुसऱ्या दिवशी स्वरूप रजा टाकून, एसटीत उभा राहून आला. मेलेलं यंत्र उठवणारी एक खास बॅटरी करतात, ती त्याने स्वतः केलेली. ती घातली, थोडा वेळ खुडबुड केली आणि यंत्र उजळलं. मला आनंद झाला, असं मी लिहितो. (हेमा वाचते आहे.) मग त्याने माझा प्रोग्रॅम उघडायला मागितला. मी दिला, करणार काय. तो बराच वेळ वाचत बसला आणि म्हणाला, "मुकुलदादा, हे बोलीचं गणित तुम्ही एकट्याने बसवलंत?"

"हो. का?"

"मला कितीही करून जमलं नाही. गणपतीत तुमचं बघून आलो, तेव्हापासून झोप नाही. शेवटी म्हटलं, डोकं नाही तर निदान मिशा काढू. तो खोकलाही त्यासाठीच टाकला, लोकांचं लक्ष खेळाकडे जाऊ नये म्हणून."

दादा, त्याला माझा मत्सर वाटत होता! वेदिकाचं डोकं खाल्लं होतं त्याने त्यापायी. मी त्याला बाहेर नेऊन सोलकढी पाजली. आयुष्यात एवढं बरं मला क्वचितच वाटलं असेल. मग आम्ही दोघांनी मिळून एकच खेळ करायला घेतला. माझं गणित, त्याच्या मिशा. आणि खरोखर तो भिडू असा उतरला, की बोली माणसासारखी लावायचा आणि मधूनच, आशेने, चुकायचा.

तो पडवीत आला त्या दिवशी नानांना इतकं भरून आलं की त्यांनी नाशिकला फोन लावला आणि यंत्र रिसीव्हरला टेकवून रामभाऊंना ऐकवलं. रामभाऊंनी ते पुन्हा ऐकवायला लावलं. मग, "मी असा खोकतो?" नानांनी हौसेने सांगून टाकलं, असाच, गुलाम आला की. फोन आपटला गेला.

तीन दिवसांनी चार वाजता डाव रंगात असताना गेट वाजलं. रामभाऊ! हातात पिशवी, डोक्याला मफलर, रात्रभरच्या एसटीने डोळे लाल. कुणाशी न बोलता चपला काढल्या, आत आले, खुर्चीसमोर उभे राहिले आणि यंत्राला म्हणाले, "चल, ऊठ." ते आपोआप उठेना म्हणून त्यांनी ते उचलून माझ्या हातात दिलं, उशी पाठीला घेतली आणि बसले. सदूकाकांनी खऱ्या पत्त्यांचा जोड काढला. आता रामभाऊ परत जायचं नाव घेत नाहीत. जावयाचा फोन आला तर सांगतात, माझ्या जागेवर डबे बसवतात हे लोक, मी हलणार नाही. शिवाय आता ते प्रत्येक पानाला खोकतात, त्यामुळे गुलाम कुठे आहे ते कुणालाच कळत नाही आणि विमलामावशी आम्हा दोघा साडूंना शिव्या देतात.

मी आणि स्वरूप पायरीवर बसून बघत होतो. आत चौघं इतकी ओरडत होती की सासूबाईंनी चहा आणला तरी कुणाला कळलं नाही. एवढी मेहनत करून आपल्याला कुणी विचारत नाही, याचं वाईट वाटायला हवं होतं. स्वरूपला वाटत नव्हतं. त्यामुळे मलाही वाटून घेता आलं नाही.

पत्र लांबलं. पाठीला जप. लोभ आहेच, तो स्वरूपवर असेल त्यापेक्षा माझ्यावर बोटभर जास्त असू दे.

तुझा,
मुकुल

ता. क. खरं काम राहिलंच. लोकांनी घरी लिहिलेल्या खेळांच्या त्या वेबसाइटवर तुझं खातं आहे ना? आमचा तीनशे चार तिथे चढव. खाली खेळ करणाऱ्यांची नावं लागतील, तर आधी मुकुल आणि मग स्वरूप असं टाक. यात मोठेपणाचा प्रश्न नाही, वर्णमालेत 'म' आधी येतो. त्याला यातलं काही कळवू नकोस.

ता. क. २. पाकीट चिकटवणार एवढ्यात वेदिकाचा फोन आला. स्वरूपने कालच तुला सगळं ईमेलने पाठवलंय म्हणे आणि त्यात करणाऱ्याचं नाव फक्त माझं लिहिलंय. स्वतःचं 'चित्रे व खोकला' म्हणून बारीक अक्षरात, अगदी तळाला. बघितलंस? हा माणूस असाच वागतो. आता त्याचं नाव सगळ्यात वर टाक, ठळक, माझ्या आधी. 'म'चं 'स'चं काही बघू नकोस. आणि मीच तसं सांगितलं, हे त्याला न विसरता कळव.