साथीतला शेवटचा सूर

सोमवार, ४
धाकट्या बहिणीला एक सूर ऐकू येतो, तो कुठेच वाजत नसताना. केव्हा येतो, किती वेळ राहतो, ते रोज लिहून आणा – कानाच्या डॉक्टरांच्या मदतनीस बाईंनी फोनवर सांगितलं. धाकटी लिहिणार नाही. म्हणून ही वही मी सुरू केली.
आज साडेपाचला, तिचं पियानोवरचं काम आटोपल्यावर सुरू. बारीक, अगदी वरच्या पट्टीतला. मी शेजारच्या खुर्चीत होते. मला काही ऐकू आलं नाही.

मंगळवार, ५
पावणेसहा ते नऊ. नऊला मी घरातली सगळी बटणं बंद करते, तेव्हा तीही झोपायला जाते.
"आईचंही असंच सुरू झालं होतं, ताई."
"आईला हाका ऐकू यायच्या. तुला सूर येतो. फरक आहे."
"आधी सूरच यायचा. तू तेव्हा नोकरीच्या गावी होतीस."


बुधवार, ६
हे पान डॉक्टरांना दाखवायचं नाही.
धाकटीनं वर्ग बंद करायचं ठरवलं आहे. तीस वर्षं पुढच्या खोलीत पियानो शिकवते. सध्या सुट्टी आहे, सोमवारी मुलं येतील, महिनाअखेर त्यांच्यातल्या आठ जणांची परीक्षा. त्यांच्यासाठी ती साथ तयार करते आहे. आमचा पियानो आपला आपण वाजतो – एकदा वाजवून ध्वनिमुद्रित केलेलं पुन्हा वाजवतो, पट्ट्या खालीवर होतात. साथीतला व्हायोलिनचा भाग मात्र आतल्या आत वाजतो, त्याच्या पट्ट्या हलत नाहीत. मुद्रण आम्ही दोघी करतो. ती वाजवते, मी सुरू-बंदचं बटण दाबते.
"जिला नसलेले सूर ऐकू येतात तिनं मुलांच्या चुका काय काढायच्या?" म्हणाली.
मी म्हटलं, बरोबर आहे. पालकांना पत्रं लिहायला घेतली. अकरा. माझं अक्षर स्वच्छ, म्हणून.
तिनं एकदाही अडवलं नाही. मीही थांबले नाही.

गुरुवार, ७
पाच वाजून दहा मिनिटांनी सुरू. सहा वाजता वीज गेली.
धाकटी भाजी निवडत होती. मान वर करून म्हणाली, "थांबला."
वीज गेली आणि तिच्या कानातला सूर थांबला! कान काही विजेवर चालत नाहीत.
वही उघडून मागचे दिवस पाहिले. रोज संध्याकाळी, रोज साथ वाजवून पाहिल्यानंतर. नऊला बंद होतो, कारण नऊला मी पियानोचंही बटण बंद करते. चार दिवस स्वतःच्या हातानं लिहिलं आणि वाचलं नाही.
पियानो दुरुस्त करणाऱ्याला फोन केला. "उद्या बघू," म्हणाला. म्हटलं, उद्या दहाला. बघू नाही.

शुक्रवार, ८
आला. सव्वाअकराला.
हातानं वाजवलं, काही अडकलं नाही. वायरी हलवल्या. साथीचे आठ तुकडे एकेक करून लावले. सात नीट. आठवा, वर्गातल्या सगळ्यात मोठ्या मुलीचा, संपला. पट्ट्या थांबल्या. खोली शांत.
"झालं की," मी म्हटलं.
तो माझ्याकडे बघतच राहिला. "बाई, वाजतोय ना अजून."
धाकटीनं त्याची बाही धरली. "तुम्हाला येतोय? खरंच?"
"न यायला काय झालं? कान किटले माझे."
ती स्टुलावर बसली आणि तोंडाला पदर लावून हसली, रडली, काय केलं कोण जाणे. मी पाणी आणायला गेले. मलाही एक घोट लागला.
मग त्यानं आपला कॉम्प्युटर जोडून दाखवलं. प्रत्येक सुराच्या दोन नोंदी असतात – पट्टी दाबली, पट्टी सोडली. व्हायोलिनच्या शेवटच्या सुराची एकच. दाबली. सोडल्याची नोंदच नाही, म्हणून यंत्र बिचारं धरून बसतं.
"बोट उचलायच्या आत कुणीतरी मुद्रण बंद केलंय," तो म्हणाला. "घाईचं माणूस दिसतंय."
धाकटी खिडकीबाहेर बघू लागली. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.
शेवटचा सूर लांबवायचा असतो हे तिनं मला दोनदा सांगितलं होतं. मला वाटलं, संपला.
त्यानं सोडल्याची नोंद घातली. आता सूर संपतो, असं दोघं म्हणतात.

शनिवार, ९
अकरा पत्रं फाडली. पाकिटं ठेवली, चांगली आहेत.
धाकटी सकाळपासून पियानोवर. जेवायला तीन हाका मारल्या. एरवी रागावले असते.
डॉक्टरांकडे तिची वेळ होती. रद्द करायला फोन उचलला, आणि नाव तेवढं बदलून घेतलं.

सोमवार, २५
दवाखान्यातून ताब्यात मिळालं : कानाची यंत्रं दोन, सेलची पाकिटं दोन, डबी एक. सही केली. घरी येऊन घातली.
धाकटी ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून मला हळूच उलट उत्तरं देते. सराईतपणे. नवीन दिसत नाही.