मर्यादवेलीला मिठाचं पाणी

मंगळवार, संध्याकाळ

आज पुन्हा दोन पानं पिवळी. माहेरच्या समुद्रावरून आणलेली मर्यादवेल इथं संभाजीनगरात, गच्चीवरच्या कुंडीत, का कुढतेय? वाळू आहे, ऊन रग्गड, पाणी बेताचं. की हिला हे गावच मानवत नाही?

मघाशी वर गेले, तर सासूबाई तांब्यातलं मिठाचं पाणी कुंडीत ओतत होत्या. रोज ओततात म्हणे! मी ओरडलेच, "आई, मरेल ना ती!"

त्या दचकल्या. "समुद्राची हाय ना? म्हटलं, तिला इथं परकं वाटाय नको."

तणतणत खाली आले. गॅसवर त्यांनी ठेवलेलं वरण उकळत होतं, वर कोकमं तरंगत होती. या घरात माझ्याशिवाय कोकम कुणालाच आवडत नाही.

पिवळ्या पानांचं उद्या बघता येईल. दिवे लागले, त्या अजून वरच आहेत, आणि मी इथं लिहीत काय बसलेय?