मागच्या उजव्या चाकाची दृष्ट

ती. आक्कास,

अंबरनाथहून शरूचा वाकून नमस्कार. (वाकलो की कंबरेत चमक येते, तरी वाकलोय, याची नोंद घ्यावी.) तुझा गुडघा कसा आहे? त्या तेलाने फरक पडला की नुसताच वास येतोय? परसातली वांगी मिळाली. भरली वांगी करून आम्ही दोघांनी इतकी खाल्ली की दुपारी दाराची बेल वाजली तरी कोणी उठलं नाही. बाकी इकडे मी ठीक, उमा ठीक, आणि गाडीही आता ठीक आहे. हे "आता" कसं आलं ते सांगण्यासाठीच हे पत्र. फोन का केला नाही, असं तू म्हणशीलच. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आक्का. मी "हॅलो" म्हणतो आणि तू "जेवलास का"पासून सुरू होऊन "बरं, ठेवते" म्हणतेस. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही. तेव्हा शेवटपर्यंत वाच, पंखा लावून बस, आणि रागावायचं झालं तर शेवटी रागाव.

आपल्या अनीशने पुण्यात नवी गाडी घेतली आणि जुनी मला दिली, हे तुला ठाऊकच आहे. निवृत्तीनंतर गाडी शिकणारा आमच्या सोसायटीतला मी पहिलाच. (शिकवणाऱ्याने नंतर तो धंदा सोडून किराणा दुकान टाकलं, पण त्याचा माझ्याशी काही संबंध नाही असं तो स्वतःच म्हणतो.) लोकांना वाटतं म्हाताऱ्याला हौस आली. हौस आहेच. पण जन्मभर मी कारखान्याच्या बसमध्ये बसून दुसऱ्याने वळवलं तिकडे वळलो. आता मी उजवीकडे म्हटलं की गाडी उजवीकडे जाते. आक्का, हे सुख काय असतं ते तुला सांगून कळणार नाही. उमा शेजारी बसून डोळे मिटून घेते, पण बसते. परवा तर आम्ही नुसती भजी खायला बदलापूरच्या पुढपर्यंत जाऊन आलो, काही कारण नसताना. अशी कारण नसताना कुठे गेल्याचं मला माझ्या आयुष्यात आठवत नाही.

तर दसऱ्याला तू आली होतीस. गाडीची पूजा झाली, झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. (नारळाचं पाणी शेजारच्या रामभाऊंच्या पायजम्यावर गेलं, ते अजून बोलत नाहीत.) पुढच्या बंपरला तू लिंबूमिरची बांधलीस, आणि तुझी पाठ वळताच मी ती कात्रीने कापली. हे तू पाहिलंस, असा मला आता संशय आहे. त्यावरून तुझं माझं वाजलं. मी विज्ञान, कारखाना, चाळीस टनांचं प्रेस मशीन वगैरे बरंच बोललो. तू फक्त "बरं" म्हणालीस. तुझ्या त्या "बरं"ला मी घाबरायला हवं होतं.

दुसऱ्याच दिवशी गाडी सुरू केली तर समोर पिवळा दिवा. गोल, आत इंग्रजीत एबीएस अशी तीन अक्षरं. पुस्तकात पाहिलं. जोरात ब्रेक दाबला तर चाकं अडकून गाडी घसरत जाऊ नये, अशी ती सोय असते. प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर असतो आणि आपलं चाक किती फिरतंय हे तो सतत कळवत राहतो. थोडक्यात, चारही चाकांनी हजेरी द्यायची, आणि एखाद्याने दिली नाही की गाडी दिवा लावून बसते. साधा ब्रेक लागतो, पण ही जादाची सोय बंद. एवढं वाचून मी निश्चिंत झालो आणि खाली जाऊन चूक केली, म्हणजे सोसायटीतल्या चार माणसांना विचारलं. एक म्हणाले पेट्रोलमध्ये पाणी. एक म्हणाले बॅटरीची वायर काढून परत लावा, माणसाला झोप मिळाल्यासारखं होतं. रामभाऊ (बोलत नसले तरी सल्ला देतात) म्हणाले, दिव्यावर चिकटपट्टी लावा, दिसला नाही की झालं. चिकटपट्टी घरात नव्हती. मी उमाची टिकली लावली. मरून रंगाची, मोठी, सणावाराची. दिवा गेला आणि गाडीला सौभाग्य आलं.

पुढे काय झालं असेल? अनीशचा व्हिडिओ कॉल. मी नेमका गाडीत बसलेलो. "बाबा, डॅशबोर्डवर टिकली का आहे?" कारखान्यात मी ऑडिटवाल्यांपुढे कधी अडखळलो नाही, पण पोटच्या पोराला मी "शोभेला" असं सांगून बसलो. त्याने टिकली काढायला लावली. दिवा पाहिला. मग तो जे बोलला ते मी त्याच्या लहानपणी त्याला सायकलवरून बोललो होतो, शब्दन् शब्द. शेवटी निकाल असा: रविवारी तो येणार, मी त्याला शेजारी बसवून तुझ्याकडे बदलापूरला न्यायचं, आणि वाटेत तो दिवा एकदा जरी लागला तरी चावी त्याची, गाडी पुण्याला. उमा आतून म्हणाली, "बरोबर आहे त्याचं." मी त्या दिवशी आमटीत मीठ जास्त झालंय हे मुद्दाम सांगितलं.

मग गाठलं उल्हासनगर, कॅम्प एक. तिथे प्रीतम म्हणून एकाचं दुकान आहे, पुढे स्पेअर पार्ट, मागे गॅरेज, मध्ये गल्ल्यावर तो स्वतः. त्याच्याकडे पाटीएवढं मशीन आहे. ते गाडीला जोडलं की गाडी आपलं दुखणं इंग्रजीत सांगते. प्रीतम चाकाकडे बघतसुद्धा नाही. मशीनकडे बघतो आणि डॉक्टरसारखा गंभीर होतो. म्हणाला, "साईं, पीछे का राइट. सेन्सर बोलत नाही. मशीन झूठ नहीं बोलता." मी विचारलं, चाक काढून बघायचं का? तो दुखावला. "मशीन असताना चाक कशाला काढायचा, अंकल?" त्याने एक बटण दाबलं, दिवा विझला. मी आनंदाने त्याच्याच शेजारच्या मिठाईच्या दुकानातून मावा घेतला. रेल्वेच्या पुलावर चढतोय तोच दिवा परत. मावा तसाच घेऊन परत प्रीतमकडे. परत बटण. परत पूल. परत दिवा. शेवटी तो म्हणाला, नवा सेन्सर मागवतो, दोन दिवस थांबा. (मावा मात्र त्याने ठेवून घेतला.)

इथे उमाने तुला फोन केला. काय बोलणं झालं मला माहीत नाही, कारण ती गॅलरीत जाऊन बोलली, आणि गॅलरीत जाऊन ती फक्त तुझ्याशी आणि गॅसवाल्याशी बोलते. दुसऱ्या दिवशी सकाळी तू रिक्षाने दारात हजर. "सहज आले." आक्का, तू बदलापूरहून गुडघा घेऊन सहज येत नाहीस. चहा झाल्यावर तुम्ही दोघी "जरा ऊन खायला" खाली पार्किंगमध्ये गेलात. आमच्या पार्किंगमध्ये ऊन नाही. उमाच्या हातात टॉर्च होता. मी हे सगळं पाहिलं आणि तरीही पेपर वाचत बसलो, म्हणून म्हणतो, मी कारखान्यात ऑफिसरच ठीक होतो, पोलिसात गेलो असतो तर उपाशी मेलो असतो.

संध्याकाळी प्रीतमचा सेन्सर आला म्हणून उमाला घेऊन गेलो. बसवण्याआधी त्याने सवयीने मशीन जोडलं आणि त्याचा चेहराच उतरला. "साईं, अब लेफ्ट भी. पीछे के दोनों." मग हळूच म्हणाला, "अंकल, ये बीमारी फैल रही है." त्याने नवा सेन्सर परत खोक्यात ठेवला. म्हणाला, दोन्ही गेले म्हणजे मोठा लफडा, कदाचित आतला कॉम्प्युटरच गेला, आता कल्याणला मोठ्या वर्कशॉपला न्या. आक्का, मी परत निघालो तेव्हा खरंच रडकुंडीला आलो होतो. रविवार समोर दिसत होता. अनीश चावी घेऊन चाललाय, मी गेटपाशी हात हलवतोय, आणि मग आयुष्यभर रिक्षावाल्याला "पूर्वेला येणार का" असं विचारतोय.

उमा म्हणाली, वाटेत बुवापाड्याला थांबू, किसनकडे सत्यनारायण आहे, प्रसाद घेऊ. (किसन म्हणजे कारखान्यातला माझा सहकारी, तुला आठवेल, आपल्या अनीशच्या मुंजीत तीनदा जिलबी मागितलेला.) गाडी दारात लावली, आत गेलो, हातावर प्रसादाचा शिरा पडतो न पडतो तोच बाहेर गलका. बघतो तर किसनची बकरी, नाव मैना, मान वाकडी करून माझ्या गाडीच्या मागच्या चाकात तोंड घालून काहीतरी ओढतेय. मी म्हटलं टायर खाते की काय! किसनने तिचे मागचे पाय धरले, मी पुढची मान धरली, मैनेने दोरा धरला, आणि तिघांनी मिळून जोर लावल्यावर चाकाच्या आतून बाहेर आलं काय? काळा सातपदरी दोरा, त्यात सुकलेलं लिंबू, सात मिरच्या, एक बिब्बा आणि कोळशाचा तुकडा! मैनेने तेवढ्यात दोन मिरच्या खाल्ल्या. मग तिने जी उडी मारली ती थेट पूजेच्या मांडवात. भटजींनी कलश उचलून छातीशी धरला. किसनची बायको पदर तोंडाला लावून ओरडली, "अगं बया, शेळीनं गाडीची नजर खाल्ली!" अख्खा बुवापाडा हसत होता. फक्त उमा हसत नव्हती. ती फणसाच्या झाडाकडे अशी एकाग्र होऊन बघत होती, जणू फणस पहिल्यांदाच पाहतेय.

दुसऱ्या चाकात हात घातला. तिथे दुसरा. लिंबू ताजं.

आणि आक्का, गाठ मी ओळखली. जगात ती गाठ मारणारं एकच माणूस आहे. शाळेत जाताना माझ्या चड्डीच्या नाडीला तू ती मारायचीस, सुटू नये म्हणून, आणि ती सुटायची नाहीच. दुसरीत असताना मास्तरांना कात्री आणावी लागली होती आणि तोपर्यंत उशीर झाला होता. बंपरवर बांधलं की मी कापतो, म्हणून दसऱ्यालाच नंतर गुपचूप तू चाकाच्या आत बांधलंस. आत बांधायला तुला एक बारीकशी वायर सापडली, अगदी बांधायलाच ठेवल्यासारखी. ती सेन्सरची वायर होती, आक्का. चाक फिरलं की दोरा ओढला जायचा, वायरचं टोक खोबणीतून निसटायचं, चाकाची हजेरी बंद, दिवा चालू. दिवा लागला म्हणून तुम्हाला वाटलं दृष्ट जबर आहे, म्हणून दुसऱ्या चाकाला दुसरा दोरा. अजून दोन दिवस गेले असते तर तू पुढची दोन चाकं आणि स्टेअरिंगही बांधून काढलं असतंस.

प्रीतमकडे परत गेलो. त्याने या खेपेला चाकं काढली, दोन्ही टोकं खोबणीत दाबून बसवली, टक् टक्, दिवा गेला तो गेलाच. पुलावरून चारदा गेलो आलो. मैनेने खाऊन उरलेला दोरा त्याने काउंटरवर काचेखाली ठेवलाय आणि येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतो. "साईं, नींबू आगे बांधने का. सेन्सर पे नहीं." स्वतःच्या दुकानावर मात्र त्याने कालच मोठी लिंबूमिरची लावली, बीमारी फैलती आहे म्हणून.

मला राग आला का? आला. पुलावर असताना आला, आणि पूल उतरेपर्यंत गेला. गुडघा दुखत असताना पार्किंगच्या फरशीवर बसून तू चाकात हात घातलास, तो माझ्यासाठी. मी साठी ओलांडली तरी तुझ्या लेखी नाडी सुटणारा शरूच आहे, हे मला फार बरं वाटलं. दोरा मात्र विज्ञानात बसत नाही, यावर मी ठाम आहे. रविवारी अनीशला घेऊन ऐटीत तुझ्या अंगणात गाडी आणतो. थालीपीठ लाव.

तुझा धाकटा,
शरू

ता. क. : उमाला सांगू नकोस, पण दोरे काढल्यापासून मला दुसऱ्या गिअरच्या पुढे जायचं धाडस होत नाही. मागून एक बैलगाडी येऊन पुढे निघून गेली. अनीशसमोर असं झालं तर दिव्याची गरजच नाही, तो चावी घेईल. तेव्हा शनिवारीच इकडे ये आणि येताना एक दोरा आण. डॅशबोर्डच्या कप्प्यात गुपचूप ठेवू, वायरबियर काही नाही तिथे. तुझीच गाठ हवी. विज्ञानाचं मी बघून घेईन.

ता. ता. क. : वन्सं, नमस्कार. मी उमा. ह्यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं आणि वर "वाचू नकोस" असं बजावलं, म्हणून वाचलं. तुम्ही जादाचा म्हणून दिलेला तिसरा दोरा मी बुवापाड्याहून आल्याबरोबर ह्यांच्या सीटखाली बांधलाय. म्हणजे दोऱ्यावर बसूनच हे दोरा नाही म्हणून दुसऱ्या गिअरमध्ये अडकलेत. तेव्हा इलाज दोऱ्यात नाही. तुम्हीच या. शनिवारी या, रविवारी ह्यांच्या मागच्या सीटवर बसा, हे तिसऱ्या गिअरमध्ये जातील. फक्त हात मांडीवर ठेवा आणि कशालाही गाठ मारू नका.