चर्चपट्टी आणि डुकरीण

थॉर्नबी, लिंकनशायर
११ नोव्हेंबर १८३९

प्रिय डॉर्कसताईस,

तू, भावोजी आणि मुलं खुशाल असाल. इकडे सलगमं बरी आली, मावशीचा गुडघा पुन्हा सुजलाय, आणि आपला एडमंडदादा चर्चचा कारभारी झाल्यापासून असा फुगलाय, की रविवारी कोटाचं बटण उडून कुणाचा तरी डोळा जाईल.

चर्चचं छप्पर नीट झालं का, असं तू विचारलंस. कसलं होतंय! परवा बाप्तिस्म्याआधीच बाळाचं डोकं भिजलं. छपराच्या नावाने दोन वर्षं घरटी पट्टी वसूल होतेय. मग पैसा जातो कुठे? पंचांची सभा चर्चमध्ये भरते, थंडी वाजते म्हणून लगेच समोरच्या खाणावळीत उठून जाते, आणि भाजलेलं मटण नि बिअर चर्चच्या खर्चात लागते. कारभाऱ्याच्या बाकाला मखमली उशी झाली. धान्य खाणाऱ्या चिमण्यांची मुंडकी आणील त्याला चर्च पैसे देतं. दादाचा गडी तीच मुंडकी दोनदा आणतो आणि सगळे पंच नाक दाबून मान डोलवतात. पुढची बाकं भाड्याने गेली, म्हाताऱ्या मागे उभ्या. थोरले पाद्री तिकडे बाथ शहरात हवा खात असतात. त्यांचा वाटा तिकडे पोचला की देव प्रसन्न.

जोएल मार्फ्लीट तुला आठवेल, चाकं करणारा. तो मेथडिस्ट पंथाच्या वेगळ्या चॅपलात जातो. पण पट्टी सगळ्यांना सारखीच. आपल्या चर्चची पायरी न चढणाऱ्यालाही. तो सभेत उभा राहिला आणि म्हणाला, “छप्पर मी फुकट नीट करून देतो. लाकूडही माझं. पण तुमच्या मटणासाठी पट्टी देणार नाही.”

दादा म्हणाला, “देवाच्या घराला तुझ्या हातोड्याची भीक नको.”

बरोबरच आहे. छप्पर गळायचं थांबलं तर पट्टी कशाच्या नावाने काढायची?

मग जप्ती आली. सात शिलिंगांच्या पट्टीसाठी जोएलच्या घरची डुकरीण नेली. हिवाळ्याची सगळी बेगमी! त्याची आई कुंपण धरून रडत होती. कॉन्स्टेबलने हुकूम वाचला: लिलाव होईल, पट्टी आणि खर्च वजा जाता उरेल ते मालकाला परत. मी सहज तिथून जात होते म्हणून ऐकलं. हो, ती वाट त्यांच्या घरापलीकडे कुठेच जात नाही, ठाऊक आहे मला.

लिलाव खाणावळीच्या अंगणात होता. सगळा गाव जमला आणि सगळा गाव हात खिशात घालून उभा राहिला. लिलाववाल्याचा घसा बसला, पण जप्तीच्या मालावर कोणी बोली लावेना. शेवटी दादाच म्हणाला, “आठ शिलिंग.” एवढी मोठी डुकरीण आठ शिलिंगांत!

मी म्हटलं, “वीस शिलिंग. एक पौंड.”

“लेटी, घरी जा.”

“जाईन की. डुकरीण घेऊन जाईन.”

लोक हसले. दादाचे कान लाल झाले. ताई, बाईमाणसापुढे हार मानणं त्याला लहानपणीही जमलं नाही. त्याने दीड म्हटलं, मी दोन. त्याने अडीच, मी तीन. माझ्याजवळ अंडी विकून साठवलेले दोन पौंडसुद्धा नव्हते. त्याने सव्वातीन म्हटलं, मी साडेतीन. तो अडखळला तेव्हा वाटलं, संपलं आता. इतक्यात मागून कोणीतरी ओरडलं, “कारभारी, दमलात का?”

“चार पौंड!” दादा किंचाळला.

मी मान खाली घालून म्हटलं, “एवढी ऐपत नाही बाई माझी.”

सगळ्यांसमोर त्याला पैसे मोजावे लागले. पट्टी आणि खर्च कापून उरलेले तीन पौंडांहून जास्त जोएलच्या आईच्या पदरात पडले. डुकरिणीने दुसऱ्याच दिवशी दादाचं कुंपण मोडून वहिनीचे गुलाब उकरले.

घरी आल्यावर दादा म्हणाला, “त्या चॅपलवाल्यासाठी माझं हसं केलंस! कोण लागतो तो तुझा?”

मी सांगितलं. ते ऐकून त्याने माझी पेटी अंगणात नेऊन ठेवली. तेव्हापासून मी मावशीकडे होते.

होते, म्हणजे गेल्या गुरुवारपर्यंत. त्या दिवशी आम्ही लाउथच्या लग्ननोंदणी कचेरीत गेलो. घंटा नाही, ऑर्गन नाही; कारकुनाला पडसं झालं होतं. सही करताना जोएलने शाई सांडली, मी नाही.

भावोजी पाद्री आहेत, ते काय म्हणतील हे मला ठाऊक आहे. त्यांनी तुला पत्र लिहायची मनाई केली तर त्यांचं ऐक, भांडू नकोस. पण ताई, तुला स्वतःला काय वाटतं तेवढं एकदा मला कळू दे.

तुझीच धाकटी बहीण,
लेटिशिया मार्फ्लीट