फिश टँकचा दिवा कोणी बंद करू नये

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, चाळीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवून निवृत्त, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही सांगण्यावरून नव्हे, तर स्वखुशीने हे लिहून ठेवतो. "बाबा, आत्ताच कशाला?" असं मुलाने दोनदा विचारलं. त्याला एवढी काळजी का, ते कळलं नाही.

१. घर पत्नीच्या हयातीत तिचं. तिच्यामागे मुलगा आणि मुलगी यांना निम्मंनिम्मं. टँकमागची भिंत मुलाने एकदा टेपने मोजली होती. कपाटासाठी म्हणे. मी विसरलेलो नाही.

२. काचा घासायचं यंत्र आणि पेचकस मुलीला. ती वस्तू जागच्या जागी ठेवते.

३. टँकमधल्या झाडांसाठी माशांच्या दुकानदाराने मला लख्ख दिवा गळ्यात मारला. "जितका उजेड, तितकी वाढ," म्हणाला. तीन आठवड्यांत पानांवर शेवाळ चढलं. मग मी मंद पांढरा दिवा आणला, सात तासांचा टायमर लावला आणि त्यावर पेन्सिलीने खूण केली. तरी शेवाळ वाढतच राहिलं आणि टायमरही खुणेवरून सरकलेला दिसायचा. माझा संशय आधी मुलावर गेला, मग सुनेवर. टायमरवर कागद चिकटवून मी सही केली. दुसऱ्या दिवशी कागद फाटलेला होता.

शेवटी संध्याकाळी फिरायला जातो असं सांगून दाराआड उभा राहिलो. पत्नी भिंत चाचपत आली आणि तिने टायमर फिरवला. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "संध्याकाळ झाली की घरातले दिवे लावूनही मला काही दिसत नाही हो, आणि तुम्हीही बाहेर असता. हा दिवा तेवढा दिसतो. तोही विझला की भीती वाटते."

अधू झालेली नजर ती वर्षभर लपवत होती. गावभर लोकांचे डोळे तपासले, आणि घरात दिव्याखाली अंधार. मला स्वतःची लाज वाटली.

४. म्हणून टँक पत्नीला. टायमर मी काढून टाकला आहे आणि लख्ख दिवा परत बसवला आहे. झाडांच्या नावाखाली किंवा विजेच्या नावाखाली जो कोणी तो तिला न विचारता बंद करील, त्याचा घरातला हिस्सा दुसऱ्या भावंडाला जाईल. मुलगा चिडेल. चिडू दे.

हे सगळं तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अहो, पण झाडं मरतील ना?"

मरू देत.

साक्षीदार: १. शेजारचे कुलूपवाले. २. आमच्या डॉक्टरीणबाई. दोघांच्याही घरी मासे नाहीत, याची खात्री करून घेतली आहे.

सही: चष्मेवाला
ठिकाण: राहतं घर, टँकसमोर
दिनांक: १७ फेब्रुवारी, दिवा चालू असताना