गळून पडलेलं मायनस

अप्पा, मी घाबरले आहे. शिफ्टवरून आल्यावर तुम्ही फ्रीजला पाठ टेकून बसायचात ना, रामवाडीच्या घरातल्या त्याच जागी बसून लिहितेय. चहा निवून गेला. थोड्या वेळाने रोह्याची गाडी आहे आणि पाय उचलत नाही.

मी सातवीत होते. कंपनीत आलेल्या रसायनाच्या नव्या पिंपावरचं इंग्रजी लेबल तुम्ही वहीत उतरवून आणलं होतं. मी घडाघडा वाचतेय, तुमचं बोट शब्दांखालून सरकतंय. एका जागी ते थांबतं. "मधला शब्द कुठं गेला?" कळला नाही म्हणून सोडला, मी म्हणाले. कधी आवाज न चढवणारे तुम्ही त्या दिवशी ओरडलात, "नाय कळला तर नाय कळला सांग गो! गाळून पुढं जायचं नाय. माणूस मरंल एखादा!" मी रडून गोंधळ घातला. दुसऱ्या दिवशी तुम्ही बाजारातून जाडजूड शब्दकोश आणलात आणि मुकाट्याने माझ्या दप्तरात ठेवलात.

आता मी रोह्याला, तुमच्या कंपनीपासून दोन गेट पुढे, संगणकाचं काम बघते. एका खेपेचा माल कसा बनवायचा ते सांगणारा, लॅबने टाइप केलेला बॅचचा कागद प्लांटमधल्या पडद्यावर पोचवणारा प्रोग्रॅम माझा आहे. संगणकाला अक्षरं दिसत नाहीत, अप्पा, नुसते आकडे दिसतात. एकेका आकड्याच्या खणाला बाइट म्हणतात. कीबोर्डवरची साधी आडवी रेघ एका खणात मावते. पण या वेळी लॅबवाल्यांच्या कागदात वजाबाकीचं खास चिन्ह आलं. दिसायला तशीच रेघ, पण तिला तीन खण लागतात. प्लांटमधला जुना पडदा एका खणाचीच अक्षरं ओळखतो. त्याला कळणार नाही ते काय करायचं, हे मी प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवलं होतं: गाळून पुढे जा.

मंगळवारी सकाळी प्लांटमधून ऑपरेटरचा फोन आला. कंत्राटावरचा माणूस, तुमच्यासारखाच कागद मोठ्याने वाचणारा. "म्याडम, पडद्यावर पाच डिग्री हाय. मागच्या टायमाला मायनस पाच व्हतं. मी बॅच थांबवलीय." पाचावर दुसरं रसायन सोडलं असतं तर आतला माल तापत गेला असता, आणि तो ऑपरेटर तिथेच उभा होता. मी "बघते" म्हटलं, ती ओळ बदलून त्या चिन्हाजागी साधी रेघ टाकली, कागद पुन्हा पाठवला. पडद्यावर मायनस आलं. कुणाला काही बोलले नाही.

मग बॅच का रखडली याची चौकशी सुरू झाली. लॅबच्या कागदात मायनस आहे, पडद्यावर आहे. म्हणजे ऑपरेटरनेच चुकीचं वाचलं, असं ठरलं. काल जिन्यात त्याने मला गाठलं. "पाचच व्हतं म्याडम. तुमी तरी सांगा. उद्या सायबांनी बोलावलंय, परवापासून कामावर येऊ नको म्हणतील." मी मान हलवली. होकाराची की नकाराची, माझं मलाच ठाऊक नाही. खरं सांगितलं तर माझी नोकरी जाईल, ही भीती आहे. त्याहून मोठी भीती म्हणजे तो प्रोग्रॅम वर्षभर चालू होता. अजून काय काय गळून पडलं असेल? रात्री डोळे मिटले की तुम्हीच त्या पडद्यासमोर उभे दिसता.

तुम्ही गेलात, हे पत्र आता कुठे पाठवणार? तुमच्या सवयीप्रमाणे आत्ता बोट ठेवून मोठ्याने वाचून काढलं. एका जागी बोट थांबलं. मधलं एक मी सोडलं होतं. बुधवारी चौकशीत साहेबांनी मला समोर बसवून सरळ विचारलं होतं, "पडदा चुकीचं दाखवू शकतो का?" मी नाही म्हणाले.

आता लिहिलं. गाडीला वीस मिनिटं आहेत, अप्पा, आणि मला फार भीती वाटतेय.