अर्जाचा समास

अण्णा, तहसीलबाहेरचं तुमचं अर्ज लिहायचं टेबल अजून मीच चालवते. तुमची नजर अधू झाली तेव्हा तुम्ही मला, तुमच्या लेकीला, शेजारच्या स्टुलावर बसवलंत, ती मी तिथंच आहे. पण आता आत हाताने लिहिलेला अर्ज घ्यायला कुरकुर करतात, आणि माणसं माझ्यापुढून उठून टाईप करणाऱ्याकडे जातात. शिकले नाही तर टेबल उचलावं लागणार, म्हणून अठ्ठावन्नाव्या वर्षी सुनेपुढे शिकायला बसले.

ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडून देते. मी बटणं अशी हाणते की ती म्हणते, "आत्या, हळू. भाकरी थापायलात का?" पहिला अर्ज रेशनकार्डात नाव चढवायचा, बारा ओळींचा. सकाळ गेली. प्रत्येक ओळीच्या आधी मी ते लांबडं बटण मोजून नऊ वेळा दाबलं, कारण डावीकडे समास हवा. लेखणी उचलण्याआधी तुम्ही कागदाला चौथाईवर घडी घालायचात. ती जागा साहेबाच्या शेऱ्याची. एकदा माझी ओळ तिकडे घुसली, तर तुम्ही सगळ्यांदेखत कागद फाडलात. "सायबानं लिवायचं कुठं मग? तिथं आपलं काय काम हाय?" एकोणीस वर्षांची होते मी. पाण्याच्या टाकीमागे जाऊन रडले. खरं सांगते, तो राग अजून गेलेला नाही.

माझ्या डोळ्यांसाठी सुनेनं अक्षर मोठं केलं आणि ओळी वाटेल तिथं तुटल्या. मध्येच रिकाम्या जागा, अर्धा शब्द इकडे, अर्धा तिकडे. ती हसून म्हणाली, "समास आपुआप सुटतो, आत्या." मी झाकण आपटलं आणि चहा ठेवला. चहा घेताना ती म्हणाली, "इतक्या हुशार तुमी, तवाच टायपिंग कावून न्हाई शिकलात?"

"अण्णांनी शिकू दिलं न्हाई," मी म्हणाले. हे मी घरात वर्षानुवर्षं सांगत आले आहे.

काल उमापूरची एक बाई आली. लॅपटॉप मी तहसीलबाहेरच्या टेबलावर घेऊन गेले होते. तिचा अर्ज एका बोटानं टाईप करायला मला फार वेळ लागला. ती मधेच म्हणाली, "बाई, हातानं लिवा की, लवकर हुईल." मी मान वर केली नाही. छापून आणलेला अर्ज आत घेतला. टेबल तूर्त राहिलं.

आज कुणाचा अर्ज नाही, म्हणून हे तुम्हाला. छापायचं नाही, धाडायचं तरी कुठं? टाईपरायटरवाला आपल्या शेजारी लिंबाखाली बसायला लागला, त्या दिवशी स्टँडकडे जाताना तुम्ही विचारलं होतं, "शिकतीस का? मी बोलतो त्याच्याशी." माझ्या अक्षराचं सगळं तहसील कौतुक करायचं. त्या मशीनपुढे मी चारचौघांत अडाणी दिसले असते. मी म्हणाले, "मला न्हाई जमायचं." तुम्ही पुन्हा विचारलं नाही. मी भ्याले, आणि नाव तुमचं घेत राहिले.

डावीकडे जागा मोकळी सोडली आहे, तुमच्या शेऱ्यासाठी. सुनेला खरं अजून सांगितलेलं नाही.